भागाकार करा आणि बाकी बघा: एमपीईजीचा मास स्पेक्ट्रम कसा वाचायचा

खेड-चिपळूण पट्ट्यातल्या एका कारखान्यात क्यूसी बघणाऱ्या तरुण केमिस्टचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा:

"आम्ही मिथॉक्सी पॉलिएथिलीन ग्लायकॉल (एमपीईजी) २००० बनवतो. स्टार्टर (ज्याच्यापासून साखळी सुरू होते तो रेणू) मिथाइल ट्रायग्लायकॉल, कॅटॅलिस्ट केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) फ्लेक्स, वर एथिलीन ऑक्साइड (ईओ). पाच टनांची बॅच. ग्राहक त्यावर मेथाक्रायलिक ॲसिड चढवतो आणि त्यापासून काँक्रीटमध्ये घालायचं प्लास्टिसायझर करतो. जुलै-ऑगस्टच्या आमच्या तीन बॅचचं त्याच्या रिॲक्टरात जेल झालं. आमच्याकडे हायड्रॉक्सिल व्हॅल्यू २९.१ (स्पेक २६.५ ते २९.५), रंग, पीएच, जीपीसी (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारी चाचणी) सगळं पास. शेवटी बाहेरून माल्डी (प्लेटवरच्या नमुन्यावर लेझर मारून साखळ्यांची वजनं मोजणारा मास स्पेक्ट्रम) करून आणलं, १००० ते ३००० एवढ्याच पट्ट्यात. २०३६.२ ला मोठं पीक (आलेखातला सुळका), २०५२.२ ला मध्यम, २०२२.२ ला छोटं, आणि दर ४४ वर हाच नमुना. लॅबने 'मिश्रण असण्याची शक्यता' एवढंच लिहिलंय. छोटं पीक मोठ्याच्या सात टक्के आहे. म्हणजे सात टक्के अशुद्धी समजायची का? आणि जीपीसीला जे दिसलं नाही ते इथे कसं दिसलं?"

'मिश्रण असण्याची शक्यता' हे कुठल्याही पॉलिमरबद्दल डोळे मिटून लिहिता येतं. पॉलिमर म्हणजे मिश्रणच. कशाचं मिश्रण ते सांगण्यासाठी तर तुम्ही पैसे मोजले होते. असो. आकडे हातात आहेत, तर शाळेतला भागाकार काढू. भाज्य, भाजक, भागाकार, बाकी.

मोठं पीक घ्या. नीट कॅलिब्रेट केलेल्या यंत्रावर ते २०३६.१९५ ला यायला हवं. तुमच्या साखळीवर स्वतःचा विद्युतभार नसतो. तिला चिकटलेल्या सोडियम आयनामुळे ती यंत्रात उडते, म्हणून आधी सोडियमचे २२.९८९ वजा करा. उरले २०१३.२०६. आता ४४.०२६ ने भागा, कारण एथिलीन ऑक्साइडचा एक मणी तेवढ्या वजनाचा. पंचेचाळीस वेळा भाग जातो, त्याचे झाले १९८१.१८०. बाकी ३२.०२६. हे मिथेनॉलचं वजन आहे. साखळीच्या एका टोकाला मिथॉक्सीची टोपी, दुसऱ्याला हायड्रोजन, म्हणजे तिथे हायड्रॉक्सिल. हा तुमचा माल.

आता छोटं पीक, २०२२.१७९. तीच वजाबाकी, तोच भागाकार, पुन्हा पंचेचाळीस. बाकी १८.०११. हे पाण्याचं वजन आहे. टोपी कुठेच नाही, दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल. हे डायॉल.

मधलं पीक २०५२.१६९. सोडियम वजा करून भागलंत तर बाकी ३.९७ उरते, आणि असलं टोक रसायनशास्त्रात नाही. बाकी वेडीवाकडी आली की आधी वजाबाकी तपासायची. सोडियमऐवजी पोटॅशियमचे ३८.९६३ वजा करा: २०१३.२०६. म्हणजे पहिलीच साखळी, फक्त वेगळा प्रवासी घेतलेली. तुमचा कॅटॅलिस्टच केओएच आहे, न्यूट्रलाइज केल्यावर पोटॅशियमचं मीठ मालात राहतं, त्यामुळे हे पीक दिसणारच.

एवढ्यावरून जेलचं कोडं सुटतं. आपल्याकडे मांडुळाला दोन तोंडं असतात असं म्हणतात. सापाच्या बाबतीत ते खोटं, डायॉलच्या बाबतीत खरं. टोपीवाल्या साखळीला मेथाक्रायलेट एकाच टोकाला लागतं आणि पुढच्या पॉलिमरवर ती केसासारखी लोंबते. डायॉलला ते दोन्ही टोकांना लागतं. मग त्याचं एक टोक या पॉलिमरमध्ये, दुसरं शेजारच्या पॉलिमरमध्ये. असे पूल पुरेसे झाले की रिॲक्टरात द्रव राहत नाही, खरवस होतो.

मग तुमच्या टेबलावर सगळं पास कसं झालं? हायड्रॉक्सिल व्हॅल्यूचं गणित बघा. २००० वजनाच्या, एका हायड्रॉक्सिलच्या साखळीची व्हॅल्यू ५६१०० भागिले २०००, म्हणजे २८.०५. आणि ४००० वजनाच्या, दोन हायड्रॉक्सिलच्या साखळीची? दोन गुणिले ५६१००, भागिले ४०००. पुन्हा २८.०५! ही चाचणी टोकं मोजते. ती टोकं एका साखळीची की दोन साखळ्यांची, हे तिला कळत नाही. पाणी शिरल्याने एकूण टोकं थोडी वाढतात आणि व्हॅल्यू किंचित वर जाते, तुमची २९.१ आहे तशी. पण ती स्पेकमध्ये बसते. नाही बसली तरी पाळीवरचा माणूस थोडं एथिलीन ऑक्साइड अजून सोडतो आणि बसवतो.

पाण्याची किंमत किती ते एकदा मांडून बघाच. एक किलो पाणी म्हणजे ५५.५ मोल. प्रत्येक रेणूपासून ४००० वजनाचं डायॉल झालं तर २२२ किलो. पाच टनांच्या बॅचमध्ये ४.४ टक्के. व्हॅल्यू जाते २८ वरून २९.३ वर, पास. रेणूंच्या संख्येत बघितलं तर साधारण पंचेचाळीस साखळ्यांमागे एक दुतोंडी. ग्राहकाच्या एका पॉलिमरवर अशा पंचवीस-तीस साखळ्या लोंबत असतील तर जेल व्हायला एवढं पुरतं. एक किलो पाणी! चिपळूणच्या जुलैत एवढं पाणी रेनकोटावरून निथळतं.

पण पाऊसच दोषी असं लगेच ठरवू नका. केओएच फ्लेक्समध्ये दहा-पंधरा टक्के पाणी मुळातच असतं. शिवाय खुद्द हायड्रॉक्साइडही डायॉलची साखळी सुरू करतं. ते या हिशेबात पाणीच. दहा किलो शुद्ध केओएच म्हणजे १७८ मोल, म्हणजे ३.२ किलो पाण्याबरोबर. स्टार्टरमध्ये केओएच घालून गरम करून व्हॅक्यूमखाली पाणी ओढून काढतात ते याचसाठी. पाणी निघत गेलं की हायड्रॉक्साइडचं अल्कॉक्साइड होत जातं. ते स्ट्रिपिंग अर्धवट राहिलं तर एप्रिलमध्येही डायॉल होईल. पावसाळ्यात उघड्या ड्रममधले फ्लेक्स आणखी पाणी पितात, आणि उन्हाळ्यात पुरलेला स्ट्रिपिंगचा वेळ कमी पडतो. स्ट्रिपिंगनंतर कार्ल फिशर (पाणी मोजायची चाचणी) करताना बेन्झॉइक ॲसिड घालून करा. उरलेलं हायड्रॉक्साइडही त्यात पाणी म्हणून मोजलं जातं. एरवी हा त्या पद्धतीचा दोष मानतात. तुम्हाला मात्र नेमका तोच आकडा हवा आहे.

आता जीपीसीचा प्रश्न. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

बेस कॅटॅलिस्टखाली सगळी हायड्रॉक्सिल टोकं साधारण सारख्याच वेगाने वाढतात. टोपीवाली साखळी एका बाजूने वाढते, दुतोंडी दोन्ही बाजूंनी. म्हणून पाणी सुरुवातीलाच असेल तर टोपीवाली २००० ला पोचेपर्यंत डायॉल जवळपास ४००० ला पोचतं. हे जीपीसीत दिसतं: मुख्य घुमटाच्या जड बाजूला छोटा खांदा. पण पाणी अर्ध्या वाटेवर, माल १००० वर असताना शिरलं तर? तिथून पुढे दर टोकाला हजारभर वाढ व्हायची आहे. टोपीवाली १००० वरून २००० ला जाते. डायॉल शून्यापासून सुरू होऊन दोन टोकांना हजार-हजार मिळवून तेही २००० लाच. दोघांचे घुमट एकावर एक. जीपीसी आकारावर वेगळं करते, आणि इथे आकारात फरकच नाही. वक्र सुरेख येतो, पॉलिडिस्पर्सिटी (साखळ्यांच्या लांबीतली तफावत) सुरेख येते, आणि माल सदोष असतो.

म्हणजे डायॉल आहे की नाही एवढंच मास स्पेक सांगत नाही. दर ४४ वर येणाऱ्या डायॉलच्या पीकांच्या मालिकेचा घुमट कुठे आहे त्यावरून पाणी कधी शिरलं तेही कळतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कारखान्याच्या लॅबमध्ये होतो. ऑगस्टमधली एक बॅच अशीच जेल झाली. जीपीसी इतकी देखणी की मी ग्राहकालाच दोष देणारं पत्र लिहून तयार ठेवलं होतं. नशिबाने पाठवलं नव्हतं. मास स्पेक्ट्रम आला. त्यात १८ बाकीची मालिका होती आणि तिचा घुमट बरोबर मुख्य घुमटाखाली, २००० ला. मी दोन दिवस स्टार्टर आणि स्ट्रिपिंगच्या नोंदी चाळत बसलो. सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी वरचं गणित डोक्यात आलं आणि उठून प्लांटवर गेलो. सुपरवायझरला विचारलं, "ही बॅच हजारावर थांबवली होती का?"

"व्हय सायेब. परशुराम घाटात दरड आली व्हती. ईओचा टँकर चार दिस तिकडंच. मंग हजाराचा माल ड्रमात काढून ठेवला न् टँकर आल्यावर परत चढवला."

ड्रमची झाकणं होती, पण रिंग लावलेल्या नव्हत्या. चार दिवस, तो पाऊस, आणि पाणी ओढून घेणारा माल. परत चढवताना पुन्हा स्ट्रिपिंग करायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण ते एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) नव्हतं. टँकर अडकणं एसओपीत कुठून असणार! बॅच शीटवरही 'होल्ड' एवढाच शब्द होता.

तेव्हा तुमच्या तीन बॅचसाठी पहिलं काम: त्याच लॅबला १००० ते ६००० पट्ट्यात स्पेक्ट्रम घ्यायला सांगा. ३००० वर पट्टा तोडल्यामुळे तुम्हाला आत्ता दिसतंय ते अख्खं डायॉल आहे की ४००० च्या घुमटाची नुसती डावी शेपटी, हे सांगता येत नाही. ४००० जवळ घुमट निघाला तर फ्लेक्स आणि स्ट्रिपिंग बघा. २००० ला निघाला तर बॅच शीटवर मधला थांबा शोधा. आणि जीपीसीचा मूळ वक्र बेसलाइनपाशी मोठा करून बघा. छापील रिपोर्टवर पूर्ण उंचीच्या घुमटाशेजारी चार टक्क्यांचा खांदा बेसलाइनमध्ये विरून जातो.

सात टक्क्यांबद्दल. दोन्ही मालिकांचे घुमट २००० लाच असतील तर उंचीचं गुणोत्तर बऱ्यापैकी विश्वासाचं असतं. सोडियम साखळीच्या मधल्या ऑक्सिजनना धरून बसतो, टोकाला मिथाइल आहे की हायड्रोजन याने पंचेचाळीस मण्यांच्या साखळीत फारसा फरक पडत नाही. डायॉल ४००० ला असेल तर मात्र उंचीवर विश्वास नको. हलके आयन आधी पोचून डिटेक्टरला दमवतात, जड आयन कमी मोजले जातात. अशा वेळी तुमच्या चांगल्या, मार्च-एप्रिलच्या मालात बाजारातलं पीईजी ४००० (म्हणजे टोपी नसलेलं डायॉलच) एक, दोन, पाच आणि दहा टक्के मिसळून चार नमुने करा आणि तेही त्याच दिवशी, त्याच प्लेटवर चालवायला सांगा. खर्च थोडा वाढेल, पण ग्राहकासमोर ठेवायला आकडा मिळेल.

पोटॅशियमचा एक सापळा आहे, त्यात मुरलेली माणसंही अडकतात. डायॉलने पोटॅशियम घेतलं तर त्याचं पीक २०३८.१५३ ला येतं. आणि मोठ्या पीकचा दोन कार्बन-१३ (वजनाने एक जास्त असलेला कार्बनचा आयसोटोप) असलेला भाऊ येतो २०३८.२०२ ला. अंतर ०.०४९. दोन्ही सुटी दिसायला चाळीस हजारांच्या वर रिझोल्युशन लागतं. साध्या यंत्रावर डायॉलचं पोटॅशियमवालं पीक मुख्य मालाच्या आयसोटोपखाली गडप होतं. तुम्ही टोपीवाल्याची दोन्ही पीक बेरजेत धरली आणि डायॉलचं एकच, तर डायॉल कमी भरणार. इलाज सोपा. नमुन्यात सोडियम ट्रायफ्लुरोॲसिटेट भरपूर घालायला सांगा, म्हणजे बहुतेक सगळे सोडियम घेतील आणि पोटॅशियमची पीक जवळपास नाहीशी होतील.

याच युक्तीने आणखी एक शंका फिटते. पीईजी गरम असताना हवेला लागलं की ऑक्सिडाइज होतं आणि एक ऑक्सिजन वाढला की वजन १५.९९५ ने वाढतं. सोडियम जाऊन पोटॅशियम आलं तर १५.९७४ ने. या दोनातला फरक ओळखायला फार चांगलं कॅलिब्रेशन लागतं. त्यापेक्षा सोडियम वाढवा. पीक गेलं तर ते पोटॅशियम होतं, तसंच राहिलं तर गरम मालाला हवा कुठे लागते ते तपासायला घ्या.

डायॉलची खात्री आणखी एका पद्धतीने होते आणि तिचं सामान तुमच्या शेल्फवरच आहे: पिरिडीन आणि ॲसेटिक ॲनहायड्राइड. नमुना ॲसेटिलेट करा. दर हायड्रॉक्सिलमागे वजन ४२.०११ ने वाढतं. टोपीवाली मालिका एकदा ४२ सरकेल, डायॉलची ८४. यापुढे ग्राहकाने वाद घातला तरी मुद्दा उरत नाही.

कोणाला एलसी-एमएस (द्रावणातले घटक वेगळे करून मास स्पेकला देणारं यंत्र) जवळ पडत असेल (औषधांच्या कारखान्यांत ती असतेच) तर तिथेही हे काम होतं, पण सावध. त्यातल्या इलेक्ट्रोस्प्रेमध्ये (द्रावणाचे विद्युतभारित तुषार उडवण्याच्या पद्धतीत) एकाच साखळीला दोन-तीन सोडियम चिकटतात. दोन चिकटले की पीकमधलं अंतर ४४ ऐवजी २२.०१३ दिसतं, आणि ४००० चं डायॉल २००० च्या गर्दीत येऊन बसतं. आयसोटोपमधलं अंतर बघायचं. एक असेल तर एक भार, अर्धं असेल तर दोन.

मास स्पेकच्या मर्यादाही माहीत हव्यात. एमपीईजीसारख्या अरुंद मालाला सरासरी रेणुभार माल्डीवरून काढला तर चालतो. पॉलिडिस्पर्सिटी १.२ च्या पुढे गेली की माल्डीची सरासरी मानू नका, ती हलक्या बाजूला झुकते. आधी जीपीसीने तुकडे पाडून एकेक तुकडा चालवावा लागतो. पॉलिस्टायरीनला सोडियम धरत नाही, चांदीचं मीठ घालावं लागतं. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनला धरायला जागाच नाही, तिथे हा मार्ग सोडा. पण नायलॉन, पॉलिएस्टर, सिलिकॉन, ॲक्रिलिक या सगळ्यांना हाच भागाकार लागू, फक्त भाजक बदलतो: नायलॉन-६ ला ११३.०८४, पीएमएमएला १००.०५२, सिलिकॉनला ७४.०१९. पॉलिएस्टरमध्ये सोडियम वजा केल्यावर बाकी शून्य आली तर दचकू नका. साखळीची दोन टोकं एकमेकांना जोडून वाटोळं कडं झालं आहे, टोकच नाही तर बाकी कुठून येणार.

या तंत्राच्या जन्मात पीईजीचा हात आहे, हे तुम्हाला आवडेल. क्योटोच्या शिमाझूमध्ये कोइची तानाकांनी १९८५ मध्ये धातूच्या भुकटीत ॲसिटोनऐवजी चुकून ग्लिसरीन ओतलं, आणि फेकायचं कशाला म्हणून तसंच चालवून बघितलं. १९८८ च्या त्यांच्या शोधनिबंधात प्रथिनांबरोबर पीईजीचेही स्पेक्ट्रम आहेत. त्याच वर्षी जॉन फेन यांच्या गटाने इलेक्ट्रोस्प्रेवर पीईजी चालवून एका साखळीवर अनेक भार बसतात हे दाखवलं. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता.

नमुना पाठवताना ड्रमच्या वरचा पापुद्रा खरवडून पाठवू नका. तुमचा माल साधारण पन्नास अंशांच्या पुढे वितळतो, आणि ड्रम सावकाश थंड होताना सगळ्या साखळ्या एकदम गोठत नाहीत. अख्खा ड्रम वितळवून, ढवळून, मग बाटली भरा. नायट्रोजन मारा आणि झाकणाला पॅराफिल्म लावा. चांगल्या बॅचचा नमुना सोबत जाऊ द्या, आणि रिपोर्टबरोबर मूळ आकड्यांची फाइल मागा. पीडीएफमधल्या चित्रावर भागाकार करता येत नाही. प्लेटवर ठिपका टाकायला टीएचएफ हे द्रावक वापरत असतील तर पावसाळ्यात नको म्हणून सांगा. टीएचएफ उडताना प्लेट गार पडते, हवेतलं पाणी ठिपक्यावर बसतं, मॅट्रिक्स (लेझरची ऊर्जा झेलायला नमुन्यात मिसळलेलं रसायन) एकीकडे आणि पॉलिमर दुसरीकडे गोठतं, मग लेझर जिथे मारावा तिथे वेगळं उत्तर. मिथेनॉल बरं.

त्या तीन बॅचचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मालक विचारतीलच. एवढ्या प्रमाणावर डायॉल वेगळं काढणं परवडणारं नाही. चांगल्या मालात थोडं थोडं मिसळून खपवायचा मोह होईल, तो टाळा, पुढच्या जेलला तुमचाच लॉट नंबर असेल. ज्या ग्राहकाला टोकाला काही जोडायचं नाही, नुसतं पाण्यात विरघळणारं मेण हवं आहे, त्याला हा माल बिनधास्त चालतो. फक्त सर्टिफिकेटवर डायॉलचा आकडा लिहून द्या.